रॉट (इंग्रजी धातुसाधित)

रॉट हे इंग्रजी भाषेतील 'वर्क' (काम करणे) या क्रियापदाचे जुने भूतकाळी रूप व भूतकालवाचक धातुसाधित होय. शालेय परिभाषेत त्यास 'वर्क'चे जुने दुसरे व तिसरे रूप म्हणता येईल. आधुनिक इंग्रजीत या दोन्ही ठिकाणी 'वर्क्ड' हे नियमित रूप वापरले जाते. 'रॉट' हे क्रियापद म्हणून जवळजवळ लुप्त झाले असले, तरी 'रॉट आयर्न' (घडीव लोखंड) यासारख्या शब्दबंधांत विशेषण म्हणून ते आजही प्रचलित आहे. 'वर्क' आणि 'रॉट' यांत वरवर पाहता काहीही साम्य दिसत नाही. त्यामुळे हे रूप भलत्याच क्रियापदाचे असल्याचा समज इंग्रजी भाषकांमध्येही आढळतो.

लेखन आणि उच्चार

या शब्दाचे इंग्रजी लेखन डब्ल्यू-आर-ओ-यू-जी-एच-टी या सात अक्षरांनी होते. आजच्या उच्चारात मात्र त्यांतील आरंभीचा डब्ल्यू आणि मधले जी व एच उच्चारले जात नाहीत. ब्रिटिश उच्चारात यातील 'ऑ' दीर्घ आहे. 'कुजणे' या अर्थाच्या इंग्रजी शब्दातील 'ऑ' ऱ्हस्व असतो. देवनागरीत दोन्ही शब्द 'रॉट' असेच लिहिले जात असल्याने मराठी वाचकाचा येथे गोंधळ होऊ शकतो. या दोन शब्दांचा परस्परांशी कोणताही संबंध नाही.

लेखनातील अनुच्चारित अक्षरे निरर्थक नाहीत. एके काळी ती सर्व उच्चारली जात. आरंभीचा 'व्' 'र'च्या आधी स्पष्ट ऐकू येई, तर जी-एच ही अक्षरजोडी 'ख'सारख्या घर्षक ध्वनीची खूण होती. हे ध्वनी कालांतराने बोलण्यातून गेले, परंतु तोपर्यंत मुद्रणामुळे लेखन बरेचसे स्थिर झाले होते. 'ब्रॉट', 'थॉट', 'नाइट', 'डॉटर' या शब्दांतील मूक जी-एचची कथाही हीच आहे.

व्युत्पत्ती

जुन्या इंग्रजीत (सुमारे इ.स. 1100 पूर्वीच्या) या क्रियापदाचे मूळ रूप 'व्युर्चन', भूतकाळी रूप 'वोर्ख्ते' आणि धातुसाधित 'येवोर्ख्त' असे होते. धातुसाधितातील आरंभीचा 'ये' हा उपसर्ग पुढे गळून पडला. जर्मन भाषेतील धातुसाधितांच्या आरंभी येणारा 'गे' हा त्याचाच भाऊबंद होय.

मूळ रूप आणि भूतकाळी रूप यांत इतके अंतर पडण्यास तीन कारणे झाली.

पहिले कारण व्यंजनासंबंधी आहे. बहुतेक क्रियापदांत धातू आणि भूतकाळाचा प्रत्यय यांच्यामध्ये एक जोडस्वर असे. 'वर्क'च्या पूर्वरूपात तो नव्हता. त्यामुळे धातूच्या अखेरचा 'क' थेट प्रत्ययाच्या 'त'ला भिडला आणि त्याचा 'ख'सारखा घर्षक झाला. संस्कृतातील 'मुच्' धातूला 'त' प्रत्यय लागून 'मुक्त' किंवा 'युज्' धातूपासून 'युक्त' होते, तेव्हाही धातूचे अंत्य व्यंजन 'त'च्या सान्निध्यात असेच बदलते.

दुसरे कारण स्वरासंबंधी आहे. वर्तमानकाळी रूपात धातूनंतर 'य'सारखा ध्वनी होता. त्याच्या प्रभावाने आधीचा 'उ' पुढे सरकून 'यु'सारखा झाला. भूतकाळी रूपात असा ध्वनी नसल्याने तेथे हा बदल घडला नाही. अशा रीतीने एकाच क्रियापदाच्या दोन रूपांत दोन निराळे स्वर आले.

तिसरे कारण म्हणजे वर्णविपर्यय. 'वोर्ख्ते' या रूपातील स्वर व 'र' यांनी जागा बदलल्या आणि 'व्रोख्ते' असे रूप तयार झाले. मध्य इंग्रजीत हेच रूप रूढ होऊन त्यातून आजचे 'रॉट' सिद्ध झाले. जुन्या इंग्रजीतील 'बेओर्ख्त'पासून झालेल्या 'ब्राइट' या शब्दातही 'र'ने असेच स्थलांतर केले आहे. उलट दिशेचा बदलही इंग्रजीत आढळतो. 'बर्ड' हा शब्द पूर्वी 'ब्रिड' असा होता, तसेच 'थ्री' या संख्येपासून झालेल्या 'थर्ड'मध्ये 'र' स्वराच्या मागे गेला आहे. मराठीत 'चिकटणे'चे 'चिटकणे' किंवा बोलीत 'नुकसान'चे 'नुसकान' होते, तोही वर्णविपर्ययच होय.

नियमितता आणि अनियमितता

इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांत 'रॉट'ची गणना अनियमित रूपांत होते. ऐतिहासिक दृष्ट्या हे वर्णन अपुरे आहे. जर्मानिक भाषांत क्रियापदांचे दोन मोठे वर्ग आहेत. 'सिंग, सँग, संग' यांसारखी सबल क्रियापदे धातूतील स्वर बदलून भूतकाळ दर्शवितात, तर दुर्बल क्रियापदे 'त' किंवा 'द' हा प्रत्यय घेतात. 'वर्क' हे मुळातच दुर्बल क्रियापद आहे. 'वर्क्ड'च्या अखेरीस ऐकू येणारा 'ट' आणि 'रॉट'च्या अखेरचा 'ट' हे एकाच प्रत्ययाचे दोन अवतार होत. म्हणजे 'रॉट' हे नियमाविरुद्ध बनलेले रूप नसून जुन्या नियमाने बनलेले, पण पुढे ध्वनिपरिवर्तनामुळे ओळखू न येणारे रूप आहे.

'ब्रिंग'चे 'ब्रॉट', 'थिंक'चे 'थॉट', 'सीक'चे 'सॉट', 'बाय'चे 'बॉट' आणि 'टीच'चे 'टॉट' ही रूपे याच घराण्यातील आहेत. ही सर्व आजही टिकून आहेत. या पंक्तीतून 'रॉट' तेवढे मागे पडले.

भारत-युरोपीय संबंध

धातुसाधितातील हा 'त' प्रत्यय जर्मानिक भाषांपुरता मर्यादित नाही. संस्कृतातील 'कृत', 'गत', 'मृत', 'मुक्त' या शब्दांच्या अखेरीस असलेला 'त' आणि 'रॉट'चा 'ट' हे एकाच मूळ भारत-युरोपीय प्रत्ययापासून आलेले आहेत.

'वर्क'च्या धातूचा विस्तारही मोठा आहे. ग्रीक भाषेतील 'एर्गॉन' (कार्य) हा शब्द त्याच धातूचा. त्याच्याशी जोडलेले 'एनर्जी', 'सर्जरी' आणि 'ऑर्गन' हे शब्द, तसेच 'भूमीवर काम करणारा' अशा मूळ अर्थाचे 'जॉर्ज' हे नाव ग्रीकमधून इंग्रजीत आले. भौतिकशास्त्रात कार्याच्या मापनासाठी वापरले जाणारे 'अर्ग' हे एकक याच ग्रीक शब्दावरून घेतले आहे.

या धातूचे एक रूप महाराष्ट्रातही शतकानुशतके उच्चारले जात आहे. पारशी धर्मातील 'हुमत, हुख्त, हुवर्श्त' (सुविचार, सुवचन, सुकर्म) या त्रयीतील शेवटचा शब्द 'हु' आणि 'वर्श्त' यांचा बनलेला आहे. 'हु' म्हणजे संस्कृतातील 'सु'. 'वर्श्त' हे अवेस्ता भाषेतील 'काम करणे' या अर्थाच्या 'वर्ज्' धातूचे धातुसाधित असून व्युत्पत्तीच्या दृष्टीने ते इंग्रजी 'रॉट'चे सख्खे भावंड ठरते. 'हुख्त' या शब्दाचे संस्कृत प्रतिरूप 'सूक्त' असल्याचे ध्यानात घेतल्यास ही रचना मराठी वाचकास परकी वाटणार नाही.

'वर्क्ड'चा उदय

कोणत्याही भाषेत थोड्या शब्दांपुरत्या उरलेल्या रूपांवर बहुसंख्य रूपांच्या सादृश्याचा दाब असतो. इंग्रजीत बहुसंख्य क्रियापदे केवळ प्रत्यय जोडून भूतकाळ करीत असल्याने 'वर्क'लाही तोच प्रत्यय लावण्याची प्रवृत्ती निर्माण झाली आणि 'वर्क्ड' हे रूप प्रचारात आले. 'थिंक' व 'थॉट' यांचा आरंभीचा ध्वनी निदान सारखा आहे. 'वर्क' व 'रॉट' यांच्या बाबतीत वर्णविपर्यय झाला आणि पुढे आरंभीचा 'व्'ही लोपला. त्यामुळे दोहोंमधील नाते ऐकणाऱ्याच्या लक्षात येणे अधिकच कठीण झाले.

इ.स. 1611 साली प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या राजे जेम्स यांच्या आज्ञेने केलेल्या इंग्रजी भाषांतरात 'रॉट' हे रूप विपुल आढळते. पुढे 'वर्क्ड'चा प्रसार वाढत गेला आणि 'रॉट'चा क्रियापद म्हणून होणारा वापर काव्य, धर्मग्रंथ व गंभीर गद्य यांपुरता उरला. धर्मग्रंथातील वापरामुळे या रूपास भारदस्तपणा प्राप्त झाला. दि. 24 मे 1844 रोजी सॅम्युएल मोर्स यांनी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला पाठविलेल्या प्रसिद्ध तारसंदेशात बायबलच्या 'गणना' या पुस्तकातील एक वचन होते. त्या वचनाचा अखेरचा शब्द 'रॉट' हाच आहे. नव्या युगाच्या यंत्रावरून गेलेल्या त्या संदेशात त्या काळीही जुनी वाटणारी भाषा योजलेली होती.

सादृश्याचा हा परिणाम केवळ इंग्रजीत झालेला नाही. जर्मन भाषेत 'ब्रिंगेन'चे 'ब्राख्त' आणि 'डेंकेन'चे 'डाख्त' ही जुन्या धर्तीची भूतकाळी रूपे टिकली, पण 'वर्क'चे भावंड असलेले 'विर्केन' नियमित झाले. डच भाषेतही 'वेर्केन'चे आजचे धातुसाधित नियमित असून 'रॉट'शी जुळणारे जुने रूप ग्रांथिक भाषेपुरते उरले आहे.

आजचा वापर

धातुसाधिते वाक्यात दोन कामे करतात. ती सहायक क्रियापदाबरोबर येऊन काळ किंवा प्रयोग दाखवितात, तसेच नामाचे विशेषण होतात. नियमित रूप प्रचारात आले की ते प्रथम पहिले काम ताब्यात घेते. दुसऱ्या कामात, विशेषतः ठरलेल्या शब्दबंधांत, जुने रूप तग धरू शकते. 'मेल्ट'चे 'मोल्टन' (वितळलेला, विशेषतः धातू किंवा लाव्हा), 'सिंक'चे 'संकन' आणि 'ड्रिंक'चे 'ड्रंकन' ही याच प्रकारची उदाहरणे आहेत. 'हेल्प'चे 'होल्पन' या जुन्या धातुसाधितास असा आश्रय मिळाला नाही. त्यामुळे ते जुने ग्रंथ व काही बोली यांपलीकडे आढळत नाही.

'रॉट'ला मिळालेला आश्रय 'घडविलेला' या अर्थाचा आहे. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ केवळ काम करणे एवढाच नसून निर्माण करणे, घडविणे, सिद्ध करणे असाही होता. आजच्या 'वर्क'मध्ये हा अर्थ क्षीण झाला असला, तरी 'रॉट'ने तो जपला. कलाकुसरीने घडविलेले चांदीचे पात्र किंवा काळजीपूर्वक रचलेली कविता यांचे वर्णन करताना इंग्रजीत 'रॉट' येते. कार्यालयात दिवसभर केलेल्या कामासाठी ते येत नाही.

दोन रूपांमधील ही अर्थविभागणी 'ओव्हर' हा उपसर्ग लागल्यावर विशेष स्पष्ट होते. 'ओव्हरवर्क्ड' म्हणजे कामाचा अतिरिक्त भार पडलेला, तर 'ओव्हररॉट' म्हणजे मनाने अतिशय क्षुब्ध झालेला किंवा, साहित्यकृतीच्या संदर्भात, अलंकरणाचा अतिरेक झालेला. व्याकरणदृष्ट्या एकच असलेली दोन रूपे येथे दोन स्वतंत्र शब्द बनली आहेत.

घडीव लोखंड

'रॉट'चा सर्वाधिक परिचित वापर 'रॉट आयर्न' या शब्दबंधात होतो. हे अत्यल्प कार्बन असलेले लोखंड होय. त्यातील कार्बनचे प्रमाण सामान्यतः 0.1 टक्क्याहून कमी असते, तर ओतीव लोखंडात (बीड) ते 2 टक्क्यांहून अधिक असते. घडीव लोखंडात धातुमळीचे सूक्ष्म तंतू पसरलेले असतात. ओतीव लोखंड ठिसूळ असून साच्यात ओतून त्यास आकार देतात. घडीव लोखंड तापवून, ठोकून व वाकवून घडविता येते. त्याच्या नावातील धातुसाधित या ठोकण्या-घडविण्याच्या क्रियेचे निदर्शक आहे.

इंग्लंडमध्ये हेन्री कॉर्ट यांनी इ.स. 1784 साली एकस्व घेतलेल्या पद्धतीमुळे अशा लोखंडाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन शक्य झाले. पॅरिस येथील इ.स. 1889 साली पूर्ण झालेला आयफेल मनोरा याच प्रकारच्या लोखंडाचा आहे. दिल्लीतील मेहरौली येथील प्राचीन लोहस्तंभही ओतलेला नसून घडविलेला आहे. इ.स. 1856 नंतर बेसेमर व तत्सम पद्धतींनी पोलाद स्वस्त झाले आणि घडीव लोखंडाची मागणी ओसरत गेली. आज त्याचे व्यापारी उत्पादन जवळजवळ थांबले आहे. बाजारात 'रॉट आयर्न' या नावाने विकली जाणारी फाटके, जाळ्या व खुर्च्या बहुधा मृदू पोलादाच्या असतात. अशा रीतीने क्रियापद म्हणून असलेला वापर संपल्यावर हे रूप एका धातूच्या नावात टिकले आणि तो धातू दुर्मीळ झाल्यावरही नाव मागे राहिले.

मराठीतील 'घडीव लोखंड' ही संज्ञा या शब्दबंधास अर्थदृष्ट्या अचूक प्रतिशब्द आहे. 'ईव' हा प्रत्यय धातूला लागून ती क्रिया ज्यावर झाली आहे अशा वस्तूचे विशेषण बनते, जसे घडीव, ओतीव, कोरीव, आखीव, बांधीव. 'काम केलेले लोखंड' असे शब्दशः भाषांतर येथे निरर्थक ठरले असते.

संबंधित शब्द

जुन्या इंग्रजीत याच क्रियापदापासून 'घडविणारा, कारागीर' या अर्थाचे 'व्युर्ख्ता' हे नाम झाले होते. वर्णविपर्यय होऊन त्याचे 'राइट' झाले. गाड्यांची चाके बनविणारा तो 'व्हीलराइट' आणि जहाजे बांधणारा तो 'शिपराइट'. 'कार्टराइट' व 'वेनराइट' ही आडनावे गाड्या बनविणाऱ्यांच्या व्यवसायावरून आली आहेत. दि. 17 डिसेंबर 1903 रोजी विमान उडविणाऱ्या राइट बंधूंचे आडनावही याच शब्दाचे आहे.

नाटककार या अर्थाचा 'प्लेराइट' हा शब्दही याच वर्गातील आहे. नाटक 'लिहिणारा' असा त्याचा अर्थ नसून नाटक 'घडविणारा' असा आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी बेन जॉन्सन यांनी हा शब्द उपहासाने योजला होता. पुढे त्यातील उपहास लोपला.

सामान्य गैरसमज

'रॉट' हे 'राइट' (लिहिणे) या क्रियापदाचे रूप नाही. त्या क्रियापदाची रूपे 'रोट' व 'रिटन' अशी आहेत.

'रॉट' हे 'रीक' या क्रियापदाचे भूतकाळी रूप असल्याचा समज विशेष प्रचलित आहे. विध्वंस माजविणे या अर्थी इंग्रजीत 'रीक हॅवॉक' असा वाक्प्रचार आहे आणि त्याच अर्थी भूतकाळात 'रॉट हॅवॉक' असेही लिहिले जाते. त्यामुळे दोहोंची सांगड घातली जाते. वस्तुतः 'रीक' हे सूड घेणे अशा मूळ अर्थाचे निराळे क्रियापद असून त्याचे भूतकाळी रूप 'रीक्ड' आहे. 'रॉट हॅवॉक' ही रचना चुकीची नाही, कारण 'वर्क हॅवॉक' असाही वाक्प्रचार इंग्रजीत आहे. 'रॉट' हे त्याचे भूतकाळी रूप होय.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने लक्षात ठेवावयाचे ते इतकेच की, काम करणे, चालू असणे किंवा उपयोगी पडणे या अर्थी 'वर्क'ची दुसरी व तिसरी दोन्ही रूपे 'वर्क्ड' हीच आहेत. जुन्या ग्रंथात 'रॉट' आढळल्यास ते मुद्रणदोष अथवा अशुद्ध रूप समजू नये.

मराठीशी तुलना

जुने धातुसाधित विशेषणरूपाने उरण्याची प्रक्रिया मराठीतही दिसते. संस्कृत 'उपविशति'पासून प्राकृतमार्गे 'बैसणे' व पुढे 'बसणे' हे क्रियापद आले. त्याचे आजचे धातुसाधित 'बसला', 'बसलेला' असे होते. मात्र संस्कृत धातुसाधित 'उपविष्ट' याच्या परंपरेतील 'बैठा' हे रूप 'बैठी चाळ', 'बैठे काम', 'बैठे खेळ' या शब्दबंधांत विशेषण म्हणून वावरते. 'तो खुर्चीवर बैठा' असे प्रमाण मराठीत म्हणत नाहीत आणि 'बैठी चाळ' याऐवजी 'बसलेली चाळ' म्हटल्यास अर्थ पालटतो. 'वर्क्ड' आणि 'रॉट' यांच्यातील संबंध नेमका असाच आहे.

याउलट 'केला', 'गेला' व 'मेला' ही रूपे क्रियापद म्हणूनच टिकून राहिली. 'करणे', 'जाणे' व 'मरणे' यांची ही रूपे नेहमीच्या नियमाने होत नाहीत, कारण त्यांत अनुक्रमे 'कृत', 'गत' व 'मृत' या जुन्या धातुसाधितांचे अवशेष आहेत. लहान मुले सादृश्याने 'करला' किंवा 'मरला' असे म्हणतात, तेव्हा ती इंग्रजीत 'रॉट'च्या जागी 'वर्क्ड' आणणाऱ्या प्रवृत्तीचेच अनुसरण करीत असतात. मराठीत अशी रूपे प्रौढांच्या प्रमाणभाषेत रूढ झाली नाहीत. इंग्रजीत 'वर्क्ड' रूढ झाले आणि आज तेच शुद्ध मानले जाते. एके काळी सादृश्याने बनलेले नवे रूप पुढे प्रमाण ठरते आणि पूर्वीचे प्रमाण रूप अपवाद म्हणून उरते, ही गोष्ट 'रॉट'च्या इतिहासातून स्पष्ट होते.